बर दुबईचे निवांतराव

दुबईला आलेला पाहुणा बुर्ज खलिफा बघून परत जातो. 828 मीटर उंच वस्तू दिसायला काही फार नजर लागत नाही. निवांतराव मात्र त्याला दिसत नाहीत. वास्तविक बर दुबईच्या क्रीकवर थंडीच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर जावं, तर कठड्याला टेकलेले चार-पाच निवांतराव सहज सापडतात. ओळखायची खूण अशी : अर्ध्या बाह्यांचा ऑफिसचा शर्ट, खिशात कोंबलेलं ओळखपत्र, एका हातात करक चहाचा कागदी कप आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यातून डोकावणारी कोथिंबीर. चेहऱ्यावर आत्ताच कुणीतरी काहीतरी विचारणार आहे अशी धास्ती.

निवांतरावांच्या लग्नाला अठरा वर्षं झाली. बायको-मुलं डोंबिवलीत. तरी इथल्या भाड्याच्या जाहिरातींच्या भाषेत ते 'एक्झिक्युटिव्ह बॅचलर'. एका खोलीत तिघे. त्यांतला एक पहाटे चारचा गजर लावतो आणि स्वतः सोडून सगळ्यांना उठवतो. दुसरा रात्री एकपर्यंत रील्स बघतो, इअरफोन हा प्रकार त्याच्या धर्मात बसत नाही. उरले निवांतराव. ते घोरतात, पण हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा ऑफिसातून आल्यावर ते जाहीर करतात, "जरा निवांत बसून येतो." कुणी विचारलेलं नसतं.

पण निवांत बसायचं म्हटलं तरी घड्याळ आडवं येतं. भारत दीड तास पुढे. इथे आठ वाजले की डोंबिवलीत साडेनऊ, म्हणजे मालिका संपून वहिनी मोकळ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून इथे कॉल लागत नाही, म्हणून बोटिम अ‍ॅप. "ऐकू येतंय का?" "अहो, जेवलात का?" "ऐकू येतंय का?" एवढ्या संभाषणावर आख्खा पूर्वार्ध जातो. उत्तरार्धात गॅस सिलिंडर, क्लासची फी आणि सोसायटीच्या लिफ्टचा खर्च. फोन ठेवला की निवांतराव आजचा रेट बघतात. दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला, त्यामुळे डॉलरपुढे रुपया घसरला की निवांतरावांना देशाची काळजी वाटते आणि त्याच काळजीने ते ताबडतोब एक्स्चेंजच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

उन्हाळ्यात तर क्रीकवर उभं राहायची सोयच नाही. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. घरात थंड पाण्याचा नळ उघडला तर गच्चीवरच्या टाकीतलं कढत पाणी येतं, म्हणून जाणती माणसं गीझर बंद ठेवून त्याच्या टाकीत मुरलेलं पाणी अंगावर घेतात. या दिवसांत निवांतराव मॉलमध्ये चालतात. काही घ्यायचं नाही, फक्त चालायचं. तिथला अत्तराचा विक्रेता त्यांना आता ओळखतो. तो शिशी पुढे करत नाही.

एकदा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्यांना गाडीत घालून अल कुद्राच्या तळ्यांकडे वाळवंटात नेलं. "घ्या, हवी होती ना शांतता?" खरोखरच होती. गाडी नाही, माणूस नाही, लांब कुठेतरी एखादं बदक. निवांतराव दहा मिनिटं बसले. मग त्यांना आपल्याच कानातला आवाज ऐकू यायला लागला, पाठोपाठ गृहकर्जाचे उरलेले हप्ते आठवले, मुलाची दहावी आठवली, पासपोर्टची मुदत आठवली. ते उठून म्हणाले, "चहा कुठे मिळतो इथे?"

त्यांची खरी जागा अब्रात. क्रीक ओलांडणारी ही लाकडी होडी, भाडं एक दिरहम. दुबईत एका दिरहमात मिळणाऱ्या गोष्टी आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, त्यांत ही एक. मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून वीसेक माणसं बसतात आणि डिझेलचं इंजिन असं काही धडधडतं की शेजारच्याची शिंकसुद्धा फक्त दिसते. खिशात फोन थरथरतो, पण घेऊन उपयोग नसतो. मॅनेजर असो, एजंट असो की डोंबिवलीची लिफ्ट असो, त्या पाच-सात मिनिटांत कुणाचंच काही ऐकू येणं शक्य नाही. निवांतराव डोळे मिटतात. थंडीत पाण्यावर सीगल घिरट्या घालतात, पलीकडच्या धक्क्यावर जहाजांत फ्रिज आणि टायर चढत असतात. निवांतराव यातलं काहीही बघत नाहीत. पलीकडचं देरा आलं की उतरतात. गोल्ड सूककडे ढुंकूनही बघत नाहीत, कारण बघितलं तर रात्री सोन्याचा भाव सांगावा लागतो. पुढच्याच अब्राने परत. येऊन-जाऊन दोन दिरहम.

इतक्या स्वस्तात इतका गोंगाट आणि त्यात इतकी शांतता, हा सौदा त्या शहरात दुसरीकडे कुठे जमत असेल असं मला वाटत नाही. तुम्ही कधी गेलात तर त्यांच्या शेजारी जरूर बसा. फक्त अब्रा सुटायच्या आधी, इंजिन सुरू व्हायचं असताना, "आपण मूळचे कुठले?" असं विचारू नका. ते भले गृहस्थ आहेत, सांगत बसतील, आणि त्यांचे दोन्ही दिरहम पाण्यात जातील.