कोलकात्यात उकडण्याचे व गारठण्याचे नियम

(नवागत मराठी माणसासाठी)

नियम पहिला. नागपूरचा आकडा सांगू नये. आमचे मेव्हणे मे महिन्यात हावड्याला उतरतात तेच मुळी "छत्तीसच? छत्तीसला तर आमच्याकडे स्वेटर घालतेत बे!" असे म्हणत. 23 मे 2013 रोजी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता, हे खरे. पण त्यात मेव्हण्यांचे कर्तृत्व काय? गडियाहाट येईतो त्यांचा सदरा पाठीला चिकटतो आणि वाणी बंद पडते. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो; इथल्या हवेत बाष्पच इतके ठासलेले की घामाला सुकायला जागा नाही. तेव्हा एक थर्मामीटर कोरडा ठेवावा, दुसऱ्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळावे. दोन आकड्यांत फरक जितका कमी, तितके हाल जास्त. याला इथे 'भ्यापसा गरम' म्हणतात.

नियम दुसरा. नागपुराहून कूलर आणू नये. मेव्हण्यांनी आणला. वाळ्याचा वास छान येतो, एवढेच.

नियम तिसरा. वाद झाल्यास अलिपूरच्या वेधशाळेचा आकडा अखेरचा मानावा. हवामान खाते 1875 साली स्थापन झाले ते याच शहरात. मग मुख्यालय सिमल्याला आणि तिथून 1928 मध्ये पुण्याला गेले. पुण्यातल्या सिमला ऑफिस चौकाचे कोडे आता सुटले असेल.

नियम चौथा. जानेवारीत किमान तापमान तेरा-चौदावर येते आणि शेजारचे दादा मंकी टोपीत शिरतात. हसू नये. कातडीला अंश कळत नाहीत. उष्णता किती वेगाने निसटते एवढेच कळते. एकाच खोलीतली लोखंडी कडी गार लागते, लाकडी दार लागत नाही, तापमान दोन्हींचे तेच. त्यात इथली जुनी घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली: उंच छत, लाल गिलाव्याची फरशी. पहाटे तिच्यावर अनवाणी उभे राहून मग महाबळेश्वरच्या गप्पा माराव्यात. शिवाय ही थंडी पडली नाही तर खजुराचा रस चांगला उतरत नाही, नोलेन गूड बिघडते, आणि दादा जे जयनगरचे मोआ आणून देतात त्यांना चव राहत नाही. एवढ्यासाठी मी तरी दहा अंशसुद्धा सोसेन.

नियम पाचवा. "ठांडा लेगे जाबे," म्हणत दादांनी जादाची टोपी पुढे केली तर मुकाट्याने घालावी. कानाशी फार टोचते.