नानांचा हात आणि माझी जास्वंद

सकाळी सहाला मागच्या अंगणात पाणी घालायला आले, तर कंपाऊंडच्या भिंतीपलीकडे नाना परडी घेऊन उभे. परडीत माझ्या जास्वंदीची पाच फुलं. नळ सोडून मागे वळले तोवर सहा झाली होती.

"फांदी आमच्या बाजूला आलीय, वहिनी."

"पाच फुलांपुरती आलीय, नाना. सहावं माझ्या बाजूचं."

नाना ऐंशीचे. चहाचा कप बशीत ठेवताना त्यांचा हात असा थरथरतो, की खणखणाट पार अमितनगर सर्कलपर्यंत जावा. पण फूल खुडताना तोच हात दिसत नाही. कारेलीबागेत कुणाला सांगितलं तर पटायचं नाही. नाना आणि चोरी? छे!

"नात काय म्हणते? रुसलीय म्हणे."

हे त्यांना कुणी सांगितलं, ते विचारायची गरज नव्हती. समोरच्या बेन त्यांच्या झोपाळ्यावर बसून सगळ्या सोसायटीची खबर ठेवतात. नात बॉक्सिंगला जायला लागली तेव्हा पोरीच्या नाकाची काळजी सगळ्यांत आधी त्यांनाच वाटली होती. नाक शाबूत आहे. पोरगी अंगानं थोराड, त्यामुळे जो तो म्हणतो, काय ताकद आहे! तिचं दुखणं वेगळंच. "आजी, माझा हात पटकन जातो, ते कुणीच का म्हणत नाही?"

नानांनी परडी भिंतीवर ठेवली. म्हणजे आता अर्धा तास गेला.

"कमाटीबागेत म्युझियममध्ये गामा पैलवानाचा दगड आहे ना? १९०२ च्या डिसेंबरात गामानं तो इथे बडोद्यात उचलला. बाराशे किलो सांगतात. शाळेची पोरं येतात, दगडाशी फोटो काढतात. आता मला सांगा, १९१० साली लंडनमध्ये झ्बिश्को नावाचा पैलवान गामासमोर अडीच तासांहून जास्त वेळ मॅटला घोरपडीसारखा चिकटून राहिला. काही केल्या चीतपट होईना. त्याच झ्बिश्कोला गामानं १९२८ साली पतियाळ्यात एक मिनिट पुरं व्हायच्या आत लोळवला. ही नुसती ताकद? पण ते मिनिट कुठल्या म्युझियममध्ये मांडणार? दगड मांडता येतो."

"ती कुस्ती, नाना. पोरगी ठोसे मारते."

"बडोद्याला ठोसे शिकवता?" नानांना चेव चढला. मग मुठीला नखं बांधून लढायची वज्रमुष्टी निघाली. गायकवाडांच्या पदरी जेठी मल्ल असत. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६० च्या दशकात, रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी इथे पाहुणा होता. मुठीला शिंगाची नखं बांधून लढणाऱ्या मल्लांचं वर्णन त्यानं लिहून ठेवलंय. या जेठी मल्लांचं 'मल्लपुराण' आपल्याच प्राच्यविद्या मंदिरानं १९६४ साली छापलं, सांडेसरा आणि मेहता यांनी संपादलेलं. म्हैसूरच्या दसऱ्यात जेठींची वज्रमुष्टी अजून होते. डोकं तासलेले दोन मल्ल समोरासमोर येतात आणि पहिलं रक्त दिसलं की लढत थांबते. बरेचदा काही सेकंदांतच.

"तिथे दंडाच्या बेडकुळ्यांना कोण विचारतो? ज्याचा हात आधी पोचला, तो जिंकला."

मला असलं काही बघवणार नाही, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवाय नातीपायी फोनवर बघून बघून माझीही आता बरीच तयारी झालीय. म्हटलं, आज नानांना ऐकवूच.

१९८८ चं सोल ऑलिम्पिक. आपल्याकडून मनोज पिंगळे, शाहूराज बिराजदार अशी मराठी नावंही त्या रिंगणात होती. तिथे अमेरिकेच्या रॉय जोन्सचे ८६ ठोसे लागले, कोरियाच्या पार्क सी-हूनचे ३२. सुवर्णपदक पार्कला! एवढी छीथू झाली, की पुढे १९९२ पासून यंत्र आणलं. पाच पंच, प्रत्येकापुढे बटणं. एका सेकंदाच्या आत तिघांनी बटण दाबलं तरच ठोशाचा गुण. आता सांगा, एका दमात चार ठोसे हाणणाऱ्या पोरानं काय करायचं? पहिल्याला बोट खाली जाईतो चौथा लागून गेलेला. चार मारून एकाचा गुण, कधी तोही नाही. म्हणून पोरं सावकाश, सुटा, स्वच्छ दिसेल असा एकेक ठोसा मारायला शिकली. वीस वर्षं हे चाललं, २०१३ मध्ये बदललं.

नाना भिंतीवर हात आपटून हसले. "एका सेकंदात तिघांचं एकमत? आमच्या गणेशोत्सव मंडळात दहा दिवसांत होत नाही!"

नातीच्या खोलीत रोबेर्तो डुरानचं चित्र लावलंय, तेही सांगितलं. पनामाचा गडी. टोपणनाव काय, तर 'दगडाचे हात'.

"झालं! पुन्हा दगडच."

खरंच आहे. नावातच दगड घातल्यावर हाताची चपळाई कोण बघणार? १९८० च्या जूनमध्ये मॉन्ट्रिअलला त्यानं पंधरा फेऱ्यांत शुगर रे लेनर्डला हरवलं. लेनर्ड त्या वेळचा चपळाईचा राजा. लोक म्हणाले, डुराननं रेटून हरवलं. मी ती लढत दोनदा पाहिली. माझं मत विचाराल तर रेटा होताच, पण अंगाला अंग भिडल्यावर इतक्या जवळून लेनर्डच्या आधी हात काढायचा, तो नुसत्या रेट्यानं निघत नाही. जुन्या काळच्या जो लुईचंही तेच. पाय संथ, म्हणून माणूसच संथ वाटायचा. पण १९३८ मध्ये त्याच्यापुढे श्मेलिंग दोन मिनिटं चार सेकंदांत आडवा.

"कोपर बाहेर जात नसणार त्याचं," नाना म्हणाले. "हात मागे घेऊन मारला की लांबून दिसतो, लोकांना वाटतं काय वेग! जवळचा गुद्दा निघतानाच दिसत नाही. पोरीला सांगा, मूठ आधीपासून आवळायची नाही. हात सैल सोडायचा आणि अगदी लागता लागता आवळायची. हे असं."

त्यांनी उजवी मूठ भिंतीवरून पुढे करून दाखवली. थरथर कुठल्या कुठे. मी टक लावून मुठीकडे बघत होते.

"नाना, सात थयां!" समोरच्या झोपाळ्यावरून बेन ओरडल्या.

परडीत खरोखरच सात फुलं होती. डावा हात केव्हाच धोतराला पुसून झाला होता.

"मीही पाहिलं," मी ठोकून दिलं.

"दोघीच," नाना परडी उचलत म्हणाले. "तिसरं बटण कुणी दाबलं?" आणि पूजेला आत गेले.