मेकर, चेकर आणि बीथोव्हन

टक-टक-टक-टक-टक. जरा थांबून पुन्हा टक-टक-टक-टक. रात्री साडेनऊनंतर आमच्या छतातून हा आवाज सुरू झाला की घरी आलेले पाहुणे वर बघतात आणि विचारतात, ‘वर सुतारकाम काढलंय का?’ नाही. वर बीथोव्हन काढलाय. वरच्या मजल्यावरचे अप्पा डिजिटल पियानोवर हेडफोन लावून सराव करतात. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये, हा त्यातला उदात्त हेतू. त्यामुळे सूर सगळे अप्पांच्या कानात जातात आणि पट्ट्या आपटल्याचा आवाज आमच्या छतात येतो. ‘फ्यूर एलिझ’ मी आता नुसत्या टकटकीवरून ओळखतो. कुठे चुकलं तेही सांगू शकतो.

अप्पा तुमच्याही सोसायटीत आहेत. बँकेतून निवृत्त, पेन्शन वेळेवर, मुलगी परदेशी, गुडघे अजून बरे. असा माणूस वर्षभर पेपर वाचतो, सोसायटीच्या सेक्रेटरीला छळतो आणि मग एक दिवस कळतं, की ते काहीतरी ‘शिकताहेत’. कोणी बासरी शिकतो, कोणी जर्मन. शिकण्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती डिसेंबरबद्दल. डिसेंबरात क्लासचा रिसायटल, म्हणजे चारचौघांपुढे वाजवण्याचा कार्यक्रम, असतो.

त्यातही अप्पा घाबरत नाहीत. हे त्यांनीच सांगितलंय आणि दिवाळीपासून रोज सांगतात. ‘घाबरण्याचा प्रश्नच येत नाही हो. फक्त वरचा जरा चढतो.’

वरचा म्हणजे ब्लड प्रेशरचा वरचा आकडा. अप्पांपाशी दंडाला पट्टा बांधून मोजायचं मशीन आहे आणि एक लांबट, कापडी पाठीचं रजिस्टर आहे. रकाने असे: तारीख, वेळ, स्वरलिपीतल्या कुठल्या बारपर्यंत वाजवलं, वरचा, खालचा, नाडी, शेरा. शेवटचा अरुंद रकाना सहीचा. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची असते. पहिला मेकर, दुसरा चेकर. घरात अप्पा मेकर आहेत आणि वहिनी चेकर. कणकेचा हात धुऊन वहिनी रोज रात्री सही करतात, कारण सही झाल्याशिवाय अप्पा जेवायला बसत नाहीत. एक नोंद मी स्वतः वाचली आहे: ‘पहिला भाग, १४६/९०, नाडी ८८. शेरा: मिस रागावल्या.’

मिस म्हणजे त्यांच्या शिक्षिका. मूळच्या गोव्याच्या, क्लास पुण्याच्या कॅम्पात, वयाने अप्पांच्या मुलीहून लहान. पण क्लासमधली सगळी पोरं त्यांना मिस म्हणतात म्हणून एकसष्ट वर्षांचे अप्पाही मिस म्हणतात. गृहपाठ झाला नसेल तर जिन्यातच ‘आज मिस ओरडणार’ असा चेहरा करून उभे असतात. मिसचं एकच मागणं असतं. ‘अंकल, चुकलं तर चुकलं. थांबायचं नाही, पुढे जायचं.’ आता हे ज्याने चौतीस वर्षं बँकेत काढली त्याला सांगायचं? एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत ज्यांच्या शाखेचे दिवे विझत नसत, त्यांना चूक तशीच मागे टाकून पुढे जायचं म्हणजे पाप वाटतं. अप्पा चुकले की परत पहिल्या सुरापासून सुरू करतात. छताखाली राहणाऱ्याने याची किंमत मोजलेली आहे.

एका संध्याकाळी अप्पा लग्नाची पत्रिका द्यायला आल्यासारखे उजळ चेहऱ्याने खाली आले. ‘ग्लेन गूल्ड माहितीय तुम्हाला?’ कॅनडाचा हा पियानोवादक बाखसाठी जगभर नावाजलेला. अप्पांना त्याच्या बाखशी कर्तव्य नव्हतं. त्यांना असा शोध लागला होता, की गूल्डसुद्धा स्वतःचं ब्लड प्रेशर सारखं मोजायचा आणि लिहून ठेवायचा. ‘सुद्धा’ या शब्दावर अप्पांनी इतकं वजन दिलं, की दोघं एकाच शाखेत होते असं वाटावं. गूल्ड उन्हाळ्यातही कोट आणि हातमोजे घालायचा, वाजवण्याआधी कोपरापर्यंत हात कढत पाण्यात बुडवून बसायचा आणि वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली एक घडीची खुर्ची जिथे जाईल तिथे घेऊन जायचा.

हा शेवटचा तपशील अप्पांना कोणी सांगायला नको होता. पुढच्याच रविवारी सुतार आला. तेव्हा मात्र वर खरोखर सुतारकाम होतं. डायनिंग टेबलाच्या सहा खुर्च्यांपैकी एकीचे पाय चार-चार इंच कापले गेले. सरावानंतर ती पुन्हा टेबलाशी लागते आणि घरात नवा माणूस आला की नेमका तिच्यावर बसतो. मग त्याची हनुवटी आमटीच्या वाटीच्या पातळीला येते. वहिनी त्याला वाढताना नजर वळवतात.

‘याच गूल्डने १९६४ मध्ये मैफली कायमच्या सोडल्या,’ अप्पा म्हणाले. ‘वय अवघं एकतीस!’

‘मग तुम्ही साठीनंतर कशाला धरल्यात?’ आतून आवाज आला. चेकरचं काम चोख असतं.

त्या रजिस्टरच्या शेवटच्या पानांवर थोर भित्र्या पियानोवादकांची यादी आहे. शोपँ: गर्दीपुढे बसायचं म्हटलं की जीव गुदमरायचा, सगळ्या आयुष्यात जाहीर कार्यक्रम जेमतेम तीसेक. होरोविट्झ: १९५३ ते १९६५, बारा वर्षं स्टेजकडे फिरकला नाही. आणि खलनायक म्हणून लिस्ट. संपूर्ण संध्याकाळ एकट्यानेच पियानो वाजवायचा आणि त्याला ‘रिसायटल’ म्हणायचं, हे खूळ १८४० च्या सुमाराला लंडनला त्याच्याच कार्यक्रमांतून रुजलं. समोर कागद न ठेवता पाठ वाजवण्याची रीत पाडणाऱ्यांतही तो होताच. ‘सुखाने चाललं होतं लोकांचं,’ अप्पा म्हणतात, ‘या गृहस्थाने सगळ्यांना कामाला लावलं.’ लिस्टबद्दल ते हेड ऑफिसबद्दल बोलावं तसं बोलतात.

गोळीचाही विचार झाला. प्रोप्रॅनोलॉल. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने ती हृदयाच्या रोग्यांसाठी काढली, १९८८ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता आणि वादकांनी तिचा उपयोग हाताचा कंप थांबवायला सुरू केला. अप्पा ही सगळी माहिती घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, की लहानपणी दमा होता ना? होता. मग ही गोळी नाही, दम्याच्या माणसाचा श्वास कोंडतो तिने. ‘दोन केळी खा आणि वाजवा,’ असं म्हणून त्यांनी पुढचा पेशंट घेतला. तेव्हापासून रजिस्टरमध्ये केळ्यांचाही रकाना आहे.

यानंतर कुठे तरी त्यांनी वाचलं, की धडधडत्या छातीने वाजवायची सवय करायची तर आधी छाती धडधडवून घ्यावी. उपाय खरा आहे, नावाजलेले शिक्षकही तो सांगतात. पण ते शिक्षक आमच्या जिन्यात राहत नाहीत. लिफ्ट चालू असताना एक ज्येष्ठ नागरिक तळमजल्यापासून धावत चार मजले चढतो, दार ढकलतो, दंडाला पट्टा बांधतो, आकडा लिहितो आणि बसून पियानो वाजवतो. आम्हाला खालून ऐकू येतं ते असं: धप धप धप धप, दार, शांतता, टक-टक-टक-टक-टक. वॉचमनने दोनदा वर येऊन कोणाचं काही बरंवाईट झालं नाही ना ते पाहिलं.

एवढ्या पियानोसाहित्यात ‘फ्यूर एलिझ’च का, हे मी त्यांना विचारलं होतं. बीथोव्हनने ते १८१० मध्ये लिहिलं आणि छापून आलं १८६७ मध्ये, तो जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. मला वाटलं, अप्पा असलं काही ऐकवतील. अप्पा म्हणाले, ‘आमच्या शाखेच्या फोनवर होल्डला हीच ट्यून होती.’ मशीनमधली ती बारकी, पत्र्यासारखी धून. चार ओळी वाजायची आणि परत पहिल्यापासून. ‘हेड ऑफिसला फोन लावला की आम्हीपण तीच ऐकत बसायचो. पण पुढे काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही हो.’

यावर मी काही बोललो नाही. खरं तर त्यांचा त्या दिवशी राग आला होता आणि तो तसाच टिकवायची माझी इच्छा होती.

रिसायटल कॅम्पातल्या एका छोट्या हॉलमध्ये होता. कार्यक्रमपत्रिकेत वादकांची नावं सोप्याकडून अवघडाकडे आणि प्रत्येकापुढे वय: ६, ८, ७, आणि चौथ्या नावापुढे ‘अ‍ॅडल्ट’. अप्पा सोबत बुटकी खुर्ची, थर्मास, स्टीलचं पातेलं आणि मशीन घेऊन आले होते. भीतीने अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि ज्या बोटांनी वाजवायचं तीच आधी गार पडतात. त्यावर गूल्डचा उतारा म्हणून अप्पा बाजूच्या टेबलावर पातेल्यात कढत पाणी ओतून बाह्या सारून उभे राहिले. एका पालकाने येऊन विचारलं, ‘चहा मध्यंतरात देणार का आधी?’

मग त्यांनी स्वतःचं प्रेशर घेतलं: १६८/९८. शेजारच्या सात वर्षांच्या मुलीने ‘मलापण’ म्हणून हात पुढे केला. तिच्या दंडाला पट्टा दोनदा फिरला आणि मशीनने एरर दाखवला. अप्पांनी ‘एरर’ अशी नोंद केली आणि तिच्याकडून सही घेतली. चेकर तेव्हा प्रेक्षकांत होती. मुलगी उड्या मारत गेली, वाजवून आली, आणि खिशातलं चॉकलेट खाऊ लागली. अप्पा तिच्याकडे थकबाकीदाराकडे बघावं तसे बघत होते.

सुरुवात सुरेख झाली. मी प्रथमच त्या टकटकीला सूर लागलेले ऐकत होतो. पण या पीसमध्ये एक जागा आहे. डावा-उजवा हात एकाच सुरावर उड्या घेत वर चढतात आणि मग ई आणि डी-शार्प या शेजारच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या आलटून पालटून वाजवत मूळ धुनेकडे उतरायचं असतं. किती वेळा, ते मोजायचं. तिथे अप्पांची मोजदाद चुकली. पुढे जायचं सोडून ते परत पहिल्या सुराशी आले. पहिल्या खेपेला कोणालाच शंका आली नाही. दुसऱ्या खेपेला पालक एकमेकांकडे बघू लागले. तिसऱ्यांदा त्याच जागी आले तेव्हा संपलं असं समजून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. अप्पा सवयीने अर्धवट उठले, हिशेब जुळला नाही हे ध्यानात आलं, आणि परत त्या बुटक्या खुर्चीत बसून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. सगळा हॉल होल्डवर होता.

शेवटी मिस उठून पियानोच्या कडेला गेल्या आणि उभ्याउभ्याच त्यांनी डाव्या बाजूची एक पट्टी दाबली. अप्पांनी तो सूर पकडला, चूक तिथेच सोडली आणि पुढे गेले. पुढचा भाग फार काही नव्हता, अनामिका दोनदा घसरली. पण शेवटचा ए त्यांनी दाबला तो इतका वेळ धरून ठेवला, की पूर्ण विझेपर्यंत बोट उचललं नाही.

आता थोडं वाईट बोलतो. साठीनंतर आपल्याकडे माणूस स्टेजवर जातो तो शाल-श्रीफळ घ्यायला किंवा द्यायला. बाकी सगळं त्याला येतच असतं. न येणारी गोष्ट, सात वर्षांच्या मुलीच्या नंतर, तिच्याहून वाईट, चारचौघांत करायला जाणारे माझ्या ओळखीत अप्पा सोडून कोणी नाही. मी ज्या व्याख्यानांना जातो तिथले वक्ते कधी घाबरलेले नसतात. कशाला घाबरतील? वीस वर्षांपूर्वीचंच भाषण असतं.

हॉलबाहेर अप्पांनी पट्टा बांधला. १३२/८२. ‘मशीन बिघडलंय,’ म्हणाले. रजिस्टर वहिनींकडे गेलं. त्या सही करत असताना मी बाजूला उभा होतो, तर त्यांनी मागची पानं चाळून दाखवली. सरावाआधीचे आकडे वर, सरावानंतरचे खाली, बहुतेक रोज. आणि रजिस्टरच्या पहिल्या पानाच्या मानाने हल्लीचा खालचा आकडा बराच उतरलेला. मेकरला हे दिसलंच नव्हतं. तो फक्त वरचा बघत होता.

‘त्यांना बोलू नका,’ वहिनी म्हणाल्या. ‘बरं वाटतंय हे कळलं, तर त्याचाही रकाना काढतील.’

पुढचा रिसायटल येत्या डिसेंबरात, रविवारी संध्याकाळी. अप्पा तेच वाजवणार आहेत, या वेळी मधला भाग धरून. प्रवेश विनामूल्य आहे, जरूर या. फक्त टाळ्यांची घाई करू नका. संपलं की नाही अशी शंका आली, तर मिसकडे बघा.