कुंपणापलीकडचं परीक्षण

मोहफुलं वेचून आणली की शेजारच्या काकू ती अंगणात वाळत घालतात आणि राखणीला म्हणून कुंपणाशी येऊन उभ्या राहतात. राखण नावालाच. शेळ्या येऊन तोंड मारून जातात आणि काकूंचं लक्ष माझ्या ओसरीकडे. "बाई, रातच्यान का पाह्यलं?" असं त्यांनी विचारलं की माझा चहा थंड झालाच म्हणून समजा.

परवा मी 'न्यूटन' पुन्हा पाहिला. अमित मसुरकरांचा, २०१७ चा. छत्तीसगडच्या जंगलातले ७६ मतदार आणि त्यांच्यासाठी मांडलेलं मतदान केंद्र. काकूंनी तो नातवाच्या मोबाइलवर कधीच पाहिला होता. मी म्हटलं, किती हसवतो ना?

"हासासारखं का होतं त्याच्यात?" काकू म्हणाल्या. "आपल्याकडं तीन वाजताच मतदान संपते ना बाई. उजेडी पेट्या बाहेर निघाल्या म्हंजे झालं."

खरंच. आमचं चिचगड येतं आमगाव मतदारसंघात. सकाळी सात ते दुपारी तीन एवढीच आमची वेळ. शहरातल्या माणसाला जो विनोद वाटतो, ते आमच्या शाळेतल्या मास्तरांचं दरवेळचं निवडणुकीचं काम. राजकुमार रावचा तो शिस्तीचा साहेब काकूंना ठीकठाक वाटला. त्यांचा जीव जडला अंजली पाटीलच्या माल्कोवर. "सगळ्यायत हुशार तीच पोरगी, अना तिलेच कोनी धड इचारत नाही." मी आजवर वाचलेल्या परीक्षणांत एवढं नेमकं वाक्य सापडलं नव्हतं.

'छावा'वर मात्र आमचं जमलं नाही. सिनेमा मला लढायांच्या गोंगाटात हरवल्यासारखा वाटला. शिवाजी सावंतांची कादंबरी वाचावी आणि थांबत थांबत वाचावी. काकू म्हणाल्या, तुम्हाले रडू आलं का नाही ते सांगा. आलं होतं. विषय संपला.

पुस्तकांचं म्हणाल तर मारुती चितमपल्लींचं 'चकवा चांदण' मी त्यांना दिवाळीत दिलं. काकूंचं माहेर नवेगावबांधकडचं. त्यामुळे बाकीचं सगळं ओलांडून त्या थेट नवेगावच्या पानांवर गेल्या आणि तिथेच राहिल्या. मला चितमपल्ली वाचताना कधी कधी धाप लागते. पक्ष्यांची, झाडांची नावं इतकी येतात की गोष्ट मागे राहते. काकूंचं उलटं. त्या नावं मोठ्याने वाचतात, आणि आपल्याकडचं नाव वेगळं असेल तर मला ऐकवतात. "सोलापूरचा मानूस, अना आपलं रान आपल्यालेच वाचून दाखवते," म्हणाल्या. हे कौतुक होतं की तक्रार, मला अजून कळलेलं नाही. २०२५ मध्ये चितमपल्लींना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले.

पण काकूंचा खरा सूर लागतो तो झाडीपट्टीच्या नाटकावर. दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. वडशाहून कंपनीची गाडी येते, पडदे लागतात आणि रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटेशिवाय पडत नाही. मला त्या नाटकांतली रडारड जास्त वाटते, विनोदी पात्राचा धुडगूसही लांबतो. हे बोलायची चूक मी एकदाच केली. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती काय उगीच मिळाली का, असं काकूंनी मला सुनावलं. मग हळूच म्हणाल्या, "मोबाइल थांबवता येते बाई. नाटक थांबत नाही, म्हनून डोरे पुसत बसा लागते."

मलाही आता तेच पटायला लागलंय, जरा वेगळ्या कारणाने. हल्ली प्रत्येक घरात प्रत्येकाचं वेगळं चालू असतं. सून मालिकेत, नातू मोबाइलवर, मुलगा हास्यजत्रेत. सकाळी कुंपणाशी उभं राहून बोलायचं काय, तर "तू हे पाहिलंस का?" "नाही." संपलं. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी मात्र अख्खा मोहल्ला झोपाळलेला असतो आणि खलनायकाला सगळे मिळून शिव्या देतात.

'चकवा चांदण' अजून काकूंकडेच आहे. मागितलं की म्हणतात, मोह सरू द्या.