सासूबाई, सिएना आणि सतरा फुटी होडी

नवी कोरी एकवीस फुटी फायबरग्लासची बास बोट, मागे २५० अश्वशक्तीचं इंजिन, मासे दाखवणारे दोन-तीन पडदे आणि खाली होडीच्याच रंगाचा ट्रेलर, हे सगळं टेक्ससमध्ये हल्ली लाखभर डॉलरच्या आसपास जातं. एवढ्या साहित्यानिशी जो बास मासा धरायचा, तो बहुतेक वेळा दोन-तीन पौंडांचा असतो. आणि तो परत पाण्यात सोडायचा असतो.

हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्या मालवणच्या. सहा महिन्यांसाठी डॅलसला आलेल्या, आणि इथल्या सुपरमार्केटमधल्या बर्फात झोपलेल्या माशांकडे बघून आधीच खिन्न झालेल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “जावयबापू, ह्यो मासो सोडूचोच होतो, तर धरलात कित्याक?”

या प्रश्नाची जबाबदारी अलाबामातल्या रे स्कॉट नावाच्या माणसावर आहे. हा गृहस्थ विमा विकायचा. १९६७ साली त्याने आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बास माशांची स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी बास धरणाऱ्यांची संघटनाच काढली. तोवर अशा स्पर्धेनंतर मेलेल्या माशांचा ढीग उरायचा. १९७२ पासून स्कॉटने धरलेला मासा जिवंत ठेवून परत सोडण्याचा आग्रह धरला, आणि विमा विकणाऱ्याने धरलेला आग्रह कोण मोडणार? तेव्हापासून बास बोटीच्या पोटात पाण्याची टाकी आली, टाकीत हवा खेळवणारा पंप आला, पंपासाठी बॅटरी आली. स्पर्धेत पाच माशांचं एकूण वजन धरतात. त्यांतला एखादा मेला तर वजन कापतात. म्हणजे सोडायच्या माशाची दिवसभर बडदास्त ठेवायची. टेक्ससचा कायदा चौदा इंचांवरचे पाच मासे रोज घरी न्यायची सर्वसाधारण मुभा देतो. लोक नेत नाहीत ते श्रद्धेपोटी.

“मेलेलो गावलो तर घराक घेऊन येवा,” सासूबाईंनी विषय संपवला.

मी स्वतः बरेच दिवस दुसऱ्यांच्या होड्यांत मागच्या खुर्चीवर बसून गरवत होतो. आमच्या ऑफिसातल्या काही जणांची उन्हाळ्यात आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी हौशी स्पर्धा असते. पाच-सात होड्या, प्रत्येकाने ठरलेली रक्कम डब्यात टाकायची, अंधार पडायच्या आत वजन करायचं, जिंकेल त्याने डबा न्यायचा. डब्यातल्या पैशात जिंकणाऱ्याचं पेट्रोल कसंबसं सुटतं. मागच्या खुर्चीवर खर्च कमी, पण मान त्याहून कमी. होडीचा मालक पुढे उभा राहून चांगल्या जागी आधी गळ टाकतो. मागच्याच्या वाट्याला उष्टं पाणी येतं. त्या पाण्याला कंटाळून माणूस होडीच्या दुकानात जातो.

दुकानात पाऊल टाकताच कळतं की इथे होडी दिसण्यावर विकतात. फायबरग्लासच्या वरच्या थरात धातूची चमकी घातलेली असते. लाल, निळी, जांभळी, उन्हात डोळे दिपतील अशी. मी बराच विचार केला. मासा पाण्यात असतो. त्याला होडीचा दिसला तर तळ दिसणार, आणि तळाला फार चमकी नसते. मग ही आरास कोणासाठी? शेजारच्या होडीतल्या माणसासाठी. विक्रेत्याने मला होडीची किंमत सांगितलीच नाही, “महिन्याला किती जमेल?” एवढंच विचारलं. होडीचं कर्ज पंधरा-वीस वर्षांचंही मिळतं. हिशेब केला तेव्हा कळलं की हप्ते संपतील तेव्हा माझी मुलगी आम्हाला होडीत बसायला मनाई करण्याच्या वयाची झालेली असेल.

बास बोट ही तशी जुनी गोष्ट नाही. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टमध्ये होम्स थर्मंडने १९४८ साली ‘स्कीटर’ बनवली, ती पहिली म्हणतात. १९६८ साली फॉरेस्ट वुड या नदीवरच्या वाटाड्याने आर्कान्सातल्या फ्लिपिन गावात ‘रेंजर’ सुरू केली. आणि १९७८ साली बास प्रो शॉप्सच्या जॉनी मॉरिसने होडी, इंजिन, ट्रेलर असं सगळं एकत्र बांधून ॲल्युमिनियमची ‘बास ट्रॅकर’ बाजारात आणली. वाण्याच्या यादीसारखी एकेक वस्तू जमवायचा त्रास मिटला. तेव्हापासून तळ्यांवर फायबरग्लासवाले आणि ॲल्युमिनियमवाले असे दोन पंथ आहेत आणि दोघांचंही बरोबर आहे.

फायबरग्लास जड. टेक्ससच्या उघड्या तळ्यांवर दुपारी वारा सुटला की तिची जडता कामी येते; ती लाट कापत जाते. ॲल्युमिनियमची होडी त्याच लाटेवर आपटत जाते आणि प्रत्येक लाट मणक्याला वेगळी कळवते. हे विक्रेत्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. त्याने न सांगितलेला भाग असा की, ही जडता तळ्यापर्यंत कोणीतरी ओढत न्यायची असते.

आमच्याकडे टोयोटा सिएना आहे. ती ३,५०० पौंड ओढते, त्याहून एक पौंड जास्त नाही. मोठी फायबरग्लासची होडी, तिचं इंजिन, ट्रेलर, टाकीतलं पेट्रोल, बॅटऱ्या मिळून आकडा चार हजारांच्या पुढे सहज जातो. म्हणजे होडीसाठी पिकअप ट्रक. ट्रक लांब, मग तो गॅरेजात मावत नाही. होडीही मावत नाही. आणि आमच्या सोसायटीच्या नियमांत दारासमोर होडी उभी करायला बंदी आहे, म्हणजे तिच्यासाठी भाड्याची जागा. रात्री जेवणानंतर मी हे सगळं बायकोसमोर मांडलं. ती हिशेबात माझ्यापेक्षा तयार.

“म्हणजे होडी घ्यायची तर आधी ट्रक, मग जागा,” ती म्हणाली. “मासा कधी?”

“मासा शेवटी.”

“अरे, मग सिएना जेवढी ओढेल तेवढीच होडी घे ना.”

इतकं सोपं उत्तर दुकानात कोणीच दिलं नव्हतं, कारण त्या उत्तरावर कमिशन नाही. सतरा फुटी ॲल्युमिनियमची होडी, ७५ अश्वशक्तीचं इंजिन, ट्रेलर धरून अडीच हजार पौंडांच्या आतबाहेर बसते. वेग ताशी तीस-पस्तीस मैल. मोठी होडी सत्तर मैलांनी जाते, हे मान्य. पण होडीला ब्रेक नसतो. आणि डॅलसहून दीड-दोन तासांवरच्या लेक फोर्कमध्ये धरणाच्या वेळी पाण्याखाली गेलेल्या रानाची वठलेली खोडं अजून उभी आहेत. तिथे सत्तर मैलांनी जायचं तर होडीआधी मृत्युपत्र करावं. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवायची सक्ती २०२१ च्या एप्रिलपासून देशभर झाली आहे. आमच्या घरी त्या दोरीचं सर्वात जास्त कौतुक बायकोला आहे.

लेक फोर्कचा विषय निघालाच आहे तर टेक्ससचा विक्रम सांगून टाकतो. १९९२ च्या जानेवारीत तिथे १८.१८ पौंडांचा बास लागला. ज्याला लागला तो बास धरायला गेलाच नव्हता. तो क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी गळाला मिनो ही बारकी मासळी लावून बसला होता.

जागतिक विक्रम तर आणखी लाजवणारा आहे. १९३२ सालच्या २ जूनला, मंदीच्या दिवसांत, जॉर्ज पेरी नावाचा जॉर्जियातला शेतकरी पोरगा मित्राबरोबर घरी ठोकून बनवलेल्या होडीतून माँटगोमेरी लेकवर गेला. दोघांत मिळून एकच कृत्रिम आमिष होतं म्हणतात. लागलेल्या माशाचं वजन भरलं २२ पौंड ४ औंस, म्हणजे आपले दहा किलो. पेरीने मासा तोलून घेतला, मग घरी नेला आणि कुटुंबाने तो खाल्ला. पडदा नाही, पंप नाही, चमकी तर नाहीच. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने जवळपास त्याच वजनाचा बास धरून बरोबरी साधली. खोटं बोलत नाही ना हे बघायला त्याला पॉलिग्राफ यंत्रासमोर बसावं लागलं. मासे धरणाऱ्यांविषयी जगाला काय वाटतं ते यातून कळतं. टेक्ससमध्ये स्पर्धेत माशाच्या वजनाची फसवणूक हा कायद्याने गुन्हा आहे.

पेरीची गोष्ट सासूबाईंना सांगितली. या खेळातला हा पहिलाच माणूस त्यांना पटला. “खाल्ल्यान मां? शाणो!” आणि लगेच, “तेची होडी कितक्याची?”

शेवटी मी जुनी होडी शोधायला लागलो. सतरा फुटी, ॲल्युमिनियम. जुनी होडी बघताना काय बघायचं, ते शेजारच्या म्हाताऱ्याने शिकवलं; त्याच्या गॅरेजात गाडी नाही, दोन होड्या आहेत. तो म्हणाला, होडीचा रंग शेवटी बघ. आधी मागच्या बाजूला जा, इंजिनावर जोर दे आणि मागची भिंत हलते का बघ. जुन्या होड्यांत त्या भिंतीत लाकूड असतं, ते आतून कुजतं आणि बाहेरून कळत नाही. इंजिन किती तास चाललंय ते विचार, कॉम्प्रेशन तपासून घे. ट्रेलरच्या टायरवरचे चार आकडे वाच. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. टायरवर नक्षी भरपूर आणि साल दहा वर्षांपूर्वीचं असेल तर ती होडी उन्हात उभी राहून म्हातारी झाली. माशांच्या टाकीचा पंप चालू करून बघ. होडीच्या मालकाला इंजिनाचे कागद वेगळे माग. टेक्ससमध्ये होडीचं टायटल वेगळं आणि आउटबोर्ड इंजिनाचं वेगळं असतं. हे न बघता व्यवहार केला की होडी आपली आणि इंजिन मालकाच्या मेहुण्याचं.

पुढच्या टोकाला पायाने चालवायची विजेची मोटर असते. मोठ्या होडीत ती ३६ व्होल्टची, म्हणजे तीन बॅटऱ्या. लहानीत २४ व्होल्ट, दोन बॅटऱ्या पुरतात. प्रत्येक बॅटरी चार्ज करावी लागते हे लक्षात घेतलं तर दोन पुष्कळ. पडद्यांबद्दल मी फार बोलत नाही. हल्ली समोरच्या पाण्यातला मासा हलताना जिवंत दिसतो. दिसला म्हणून तो गळाला लागतोच असं नाही. फक्त तो आपल्याला नाकारताना आता स्पष्ट दिसतो.

आणि बूच. होडीच्या मागे, तळाशी, पाणी काढायचं एक भोक असतं आणि त्याला एक बूच. होडी पाण्यात घालण्याआधी ते लावायचं असतं. इथल्या मराठी मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याने तळ्याच्या रॅम्पवर, सहकुटुंब, नारळ फोडून, हळदकुंकू वाहून नवीकोरी होडी पाण्यात सोडली. बूच कपहोल्डरमध्ये होतं. रॅम्पवर नेहमीच चार-दोन रिकामटेकडे खुर्च्या टाकून बसलेले असतात, कारण ट्रेलर मागे घेणाऱ्या नवरा-बायकोचे संवाद ऐकायला तिकीट लागत नाही. त्यांनी मदत केली, आधी व्हिडिओ काढून.

आमची होडी आता भाड्याच्या जागेत उभी असते, सिएना तिला कुरकुर न करता ओढते, आणि हौशी स्पर्धेत आम्ही कधी चौथे, कधी सहावे येतो, होड्या सात असताना. तुम्ही पहिली होडी घ्यायच्या विचारात असाल तर माझं मत साधं आहे. एक पूर्ण मोसम दुसऱ्याच्या होडीत मागे बसा, मग सतरा-अठरा फुटी ॲल्युमिनियमची जुनी होडी घ्या, तुमची आहे ती गाडी ओढेल एवढीच. डॅलसच्या आसपास राहत असाल तर तो मोसम माझ्याकडे काढा. मागची खुर्ची रिकामी आहे. पेट्रोल निम्मं-निम्मं, डबा तुमच्याकडून, आणि मासा मेला तर तो सासूबाईंचा.