तो काही करत नाही

सकाळी साडेसहाला आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं दार उघडलं की आधी एक नाक बाहेर येतं. मागून डोकं, मग मान, मग बराच वेळ नुसती पाठ. शेपटी निघून गेल्यावर, मालगाडीच्या शेवटी गार्डचा डबा दिसावा तसे काका दिसतात. गाडी ग्रेट डेन जातीची, वजन 60 किलो, नाव बाळू. काका 58 किलो.

मी दिसलो की काका लांबूनच ओरडतात, "घाबरू नका हो, तो काही करत नाही!"

माझ्या हातातल्या पट्ट्याला 6 किलोचा वाघ्या असतो. अख्खा महाराष्ट्र ज्याला पॉमेरियन म्हणतो तो. खरं तर हा इंडियन स्पिट्झ. अस्सल पॉमेरेनियन जेमतेम 2-3 किलोचा. पण हे वाघ्याला सांगून उपयोग नाही, तो स्वतःला बाळूचा थोरला भाऊ समजतो.

'काही करत नाही' ही जमात प्रत्येक सोसायटीत असते. एका हातात साखळी, दुसऱ्या हातात फोन, आणि स्वभाव चांगला असला की वजन आपोआप कमी होतं अशी श्रद्धा. बाळू खरोखरच काही करत नाही. तो फक्त प्रेमाने पंजा ठेवतो. तो पंजा वाघ्याच्या पाठीवर पडला, तर पुढचं डॉक्टरांनाच करावं लागेल.

याच्या उलट तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. बाळूची सावली दिसली की त्या आपल्या चिवावाला झटकन उचलून छातीशी धरतात आणि किंचाळतात. झालं! वर उचललेलं, वळवळणारं, ओरडणारं काहीतरी नाकासमोर आल्यावर कुठला कुत्रा स्वस्थ बसेल? बाळू उडी मारतो. चिवावा अंबारीतून बोलावं तसा वरून शिव्या देतो.

शेवटी आमच्या कुत्र्यांच्या डॉक्टरांनी काकांना आणि मला समोर बसवलं. ओळख सोसायटीच्या आवारात नको, तिथे दोघंही मालक. मागच्या रस्त्यावर करा. समोरासमोर आणू नका, एकाच दिशेने, अंतर ठेवून चालवा, पट्टे सैल सोडा. लहानाला गळपट्ट्याऐवजी हार्नेस घाला, ओढाओढीत त्याच्या नाजूक श्वासनळीला त्रास नको. खाणं वेगवेगळ्या जागी. आणि फोन खिशात. या शेवटच्या अटीवर काका फार वेळ गप्प होते.

आठ दिवस आम्ही चौघं वरातीसारखे चाललो. नवव्या दिवशी बाळू सरळ रस्त्यात पाठीवर लोळला, पाय वर. समंजस मोठे कुत्रे खेळताना असं आपणहून लहान होतात. वाघ्या त्याच्या छातीवर चढून गड सर केल्यासारखा उभा राहिला. काकांचे डोळे भरून आले. "बघा, म्हटलं नव्हतं?"

म्हटलं होतं. तरी मी डॉक्टरांचं दुसरं वाक्य सोडलेलं नाही: पळापळीत लहान कुत्रा चिरकला की मोठ्याच्या डोक्यात कधीकधी खेळाची शिकार होते, तेव्हा दर थोड्या वेळाने दोघांना बोलावून श्वास घेऊ द्या, नजरेआड एकत्र सोडू नका. काकांना हे अपमानास्पद वाटतं. "आमचा बाळू तसला नाही हो." तसला कोणाचाच नसतो. म्हणून तर डॉक्टरांचं चालतं.

परवा गेटपाशी कोणीतरी पावाचा तुकडा टाकला होता. वाघ्याने त्यावर पाय ठेवून असं काही गुरगुरणं काढलं की बाळू कान पाडून मागे सरला. गुरगुरला म्हणून मी वाघ्यावर ओरडलो नाही. तो आधी सांगतोय हेच बरं. मी पट्टा आखडून त्याला बाजूला घेत होतो, तेवढ्यात काकांचा धीर सुटला. ते वाकले आणि त्यांनी बाळूला उचललं.

म्हणजे पुढचा भाग उचलला. मागचा तिथेच राहिला. बाळूने दोन्ही पंजे काकांच्या खांद्यांवर ठेवले, हनुवटी टकलावर टेकली आणि वरून शांतपणे पावाकडे पाहत राहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीतून ओरडल्या, "काका, घाबरू नका, तो काही करत नाही!"