दुधी आणि डॉक्टर

हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत डॉ. डीन ऑर्निश यांचा १९९०चा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास पडद्यावर झळकतो. जेमतेम १० टक्के उष्मांक स्निग्धांशातून देणारा शाकाहार, जोडीला व्यायाम आणि ध्यान. वर्षभरात हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा थोडा का होईना, कमी! टाळ्या पडतात, जेवणाची सुट्टी होते आणि टाळ्या वाजवणारे पनीर बटर मसाल्याच्या रांगेत लागतात. पनीरही शाकाहारच, गाय गवतच खाते ना!

काही डॉक्टरांनी मात्र हे खरंच मनावर घेतलंय. दूध, तूप, तेल, साखर, मैदा सगळं बंद. डब्यात बिनफोडणीचं वरण, उकडलेला दुधी आणि दोन कोरड्या भाकऱ्या. शेजारी बसलेले भूलतज्ज्ञ सांत्वनाला आल्यासारखे बघतात. (स्वतः समोसा खात.) आजवर पेशंटला ‘तेल-तूप कमी करा’ एवढं फर्मान सुटायचं आणि पुढचा नंबर पुकारला जायचा. चार दिवस दुधी पोटात गेल्यावर तेच डॉक्टर अजिजीनं विचारू लागलेत, “काकू, तेलाशिवाय फोडणी कशी हो करता?”

आणि डॉक्टर, बी-१२ची गोळी विसरू नका. ते दुधीत नसतं.